खायचा रंग कापडावर

जिलेबीत, बुंदीत आणि संक्रांतीच्या हलव्यात पडणारा रंग कापडालाही लागतो, आणि नीट चढवला तर टिकतोही. अट एकच, कापड लोकरीचे, रेशमाचे किंवा नायलॉनचे हवे. सुती कापडावर तोच रंग तासभर उकळला तरी दोन-तीन धुण्यांत निघून जातो. घरी कपडे रंगवायला घेणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती बहुतेक वेळा इथेच. पांढरा सुती कुडता, पातेलेभर केशरी पाणी, मूठभर मीठ, वाटीभर व्हिनेगर असा सगळा सरंजाम होतो, पिळून दोरीवर घातलेला कुडता झकास दिसतो आणि पहिल्याच धुण्याला रंग बादलीत उतरतो. बोल मग रंगाला लावला जातो, पण चुकलेला असतो तो धागा.

भारतात खाद्यपदार्थांत घालायला आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पिवळ्यात टार्ट्राझिन आणि सनसेट यलो, लालमध्ये पॉन्सो फोर आर, कार्मोयसिन आणि एरिथ्रोसिन, निळ्यात ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्मिन, हिरव्यात फास्ट ग्रीन. दुकानात दिसणाऱ्या बाकीच्या छटा यांच्याच मिसळीतून होतात. ॲपल ग्रीन म्हणून मिळणारी पूड बहुधा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू यांची असते. यांतल्या बऱ्याच रंगांना कापडाच्या धंद्यात दुसरे नाव आहे. टार्ट्राझिन तिथे ॲसिड यलो २३ होतो, कार्मोयसिन ॲसिड रेड १४, पॉन्सो फोर आर ॲसिड रेड १८ आणि ब्रिलियंट ब्लू ॲसिड ब्लू ९. आंबट पाण्यात धाग्यावर चढतात म्हणून या कुळाला आम्लरंग म्हणतात. म्हणजे स्वयंपाकघरातल्या डबीत आणि रंगाऱ्याच्या डब्यात मूळ रसायन एकच असते. फरक शुद्धतेचा असतो. खाण्याच्या रंगात शिसे, आर्सेनिक अशा अशुद्धींवर कडक मर्यादा असतात, कापडाच्या रंगात त्या तशा पाळल्या जात नाहीत. त्यामुळे खायचा रंग कापडाला लावावा, कापडाचा रंग पोटात कधीही जाऊ देऊ नये.

लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. लोकरीत केराटिन असते, रेशमात फायब्रॉइन. या प्रथिनांवर अमिनो गट असतात आणि पाणी आंबट झाले की त्यांच्यावर धन विद्युतभार येतो. एरिथ्रोसिन सोडला तर बाकी सातही रंगांच्या रेणूंना सल्फोनेट गट जोडलेले असतात आणि पाण्यात ते ऋणभारित राहतात. गरम, आंबट पाण्यात दोघे एकमेकांकडे ओढले जातात आणि रंग धाग्याच्या आत जाऊन बसतो. नायलॉन कारखान्यात तयार होत असले तरी त्याच्या साखळीच्या टोकांशी अमिनो गट असतात, म्हणून तेही रंगते. कापूस मात्र सेल्युलोजचा. त्याच्यावर असा धनभार येत नाही. रंग धाग्यांच्या फटींत नुसता भिजून राहतो आणि पाण्याबरोबर येतो तसा पाण्याबरोबर जातो.

हा फरक बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी स्पष्ट दिसतो. गोळ्यावरच्या सरबतात रंगाबरोबर सायट्रिक ॲसिडही असते, म्हणजे रंगवण्याची निम्मी तयारी त्यातच झालेली असते. ते सुती शर्टावर सांडले आणि शर्ट लगेच नळाखाली धरला तर डाग बहुतेक निघून जातो. रेशमी परकरावर सांडले तर तोच डाग चिवट ठरतो. जीभ आणि बोटे लाल होतात तीही याच कारणाने, कारण कातडीच्या वरच्या थरात केराटिन आहे.

खायचे रंग आणि कापडाचे रंग यांची ही जवळीक जन्मापासूनची आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन क्विनाइन तयार करायला निघाला आणि त्याच्या हाती डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग लागला. त्याने तो रेशमावर चढवून पाहिला. दोनच वर्षांनी पेटर ग्रीस याने जी रासायनिक प्रक्रिया शोधली तिच्यातून ॲझो रंगांचे मोठे कुळ निघाले. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोयसिन आणि पॉन्सो हे त्याच कुळातले. टार्ट्राझिन १८८४ मध्ये योहान हाइनरिख त्सीग्लर याने बाझेलच्या एका रंगकारखान्यात तयार केला. कापडासाठी निघालेले हे रंग मिठाईवाल्यांच्या हाती पोचायला फार वेळ लागला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सरकारने बर्नहार्ड हेस या रसायनतज्ज्ञाला बाजाराची तपासणी करायला सांगितले, तेव्हा अन्नात वापरले जाणारे ऐंशी रंग त्याला आढळले. त्यांतले सातच खाण्याजोगे ठरले आणि १९०७ मध्ये तेवढ्यांनाच मान्यता मिळाली. यादी तेव्हापासून सतत बदलत आली आहे. ॲमरॅन्थ हा लाल रंग १९७६ मध्ये अमेरिकेत बंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाने एरिथ्रोसिनचीही खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली.

इंडिगो कार्मिनची कथा यापेक्षा जुनी आहे आणि या विषयाची नस तीत सापडते. नीळ हा कापसाचा रंग. ती पाण्यात विरघळत नाही. हौदात तिचे रूप बदलून घ्यावे लागते, मग सुताला हवा लागली की निळाई उमटते आणि वर्षानुवर्षे टिकते. १७४३ मध्ये सॅक्सनीत योहान ख्रिस्टियान बार्ट याने हीच नीळ गंधकाम्लात विरघळवली. रेणूला सल्फोनेट गट जोडले गेले आणि नीळ पाण्यात सहज विरघळू लागली. ती आता लोकर आणि रेशीम सुरेख रंगवू लागली, पण सुताशी असलेले तिचे नाते संपले. एका रेणूत केलेल्या एवढ्याशा फेरफाराने धागा बदलला. हे ध्यानात आले की पांढरा सुती टी-शर्ट खायच्या निळ्या रंगात बुडवण्याचा खटाटोप कोणी करणार नाही.

रंगवण्याआधी कापड ओळखणे हे पहिले काम. कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरावे आणि ज्योतीला लावावे. लोकर आणि रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरगळेल अशी काळी राख उरते. सुताला कागद जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळतात आणि टोकाला टणक मणी धरतो. बाजारात आर्ट सिल्क म्हणून मिळणारे चमकदार कापड बहुधा रेयॉनचे किंवा पॉलिस्टरचे असते. रेयॉन म्हणजे पुन्हा सेल्युलोज, तेव्हा हा रंग त्यावर चढत नाही. पॉलिस्टरला तर पाण्यात विरघळणारा कोणताच रंग धरत नाही, त्याचे रंग वेगळे आणि त्यांना कारखान्यात १३० अंशांपर्यंत तापवावे लागते. शिवलेला कपडा असेल तर आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असला तर तो पांढराच राहतो आणि सुती अस्तरही कोरे राहते. उलट सुती फ्रॉकला नायलॉनची लेस असली तर लेस तेवढी रंगते.

घरात रंगवण्याजोगे काय असते? विणायची पांढरी लोकर, पिवळट पडलेली रेशमी ओढणी, सोवळ्याचा जुना मुकटा किंवा कद, बिनजरीचे उपरणे. भंडारा आणि गडचिरोली भागातले टसरही चालते, पण टसरचा मूळ रंग तपकिरी असल्याने त्यावर लिंबोळी पिवळा मोहरीसारखा दिसतो आणि लाल विटकरीकडे झुकतो. ते अनेकदा अधिकच देखणे असते. पैठणीच्या किंवा जरीच्या कोणत्याही वस्त्राच्या वाटेला मात्र जाऊ नये. गरम आंबट पाण्यात जर काळवंडू शकते आणि आधीचे रंग फुटून एकमेकांत उतरतात.

रंगाची निवडही डोळसपणे करावी लागते. बाटलीतला पातळ रंग म्हणजे बरेचसे पाणीच असते, तो छोट्या लोकरीच्या लडीपुरता ठीक. केकसाठीच्या जेल रंगात साखर आणि ग्लिसरीन असते, ते चालतात, पण नंतर कापड जास्त खळबळून धुवावे लागते. चॉकलेटसाठीचे तेलात विरघळणारे रंग आणि लेक नावाने मिळणाऱ्या न विरघळणाऱ्या पुडी कापडाच्या कामाच्या नाहीत. सर्वांत सोयीची पाण्यात विरघळणारी पूड, पण तिच्यातही शुद्ध रंग थोडाच असतो आणि उरलेले बहुधा मीठ असते. डबीवर रंगाचे प्रमाण लिहिलेले असते, ते वाचून हिशेब करावा. मध्यम गडद छटेसाठी १०० ग्रॅम कोरड्या कापडाला सुमारे १ ग्रॅम शुद्ध रंग लागतो. खाद्यपदार्थांत बहुतेक ठिकाणी किलोमागे ०.१ ग्रॅमची कमाल मर्यादा आहे, म्हणजे एका ओढणीवर जाणारा रंग १० किलो मिठाईला पुरेल इतका असतो. चिमूटभर पुडीत ओढणी का रंगत नाही आणि मिठाई का लालभडक होते, हे यावरून उमगते.

मिसळीच्या रंगांशी जपून वागावे. त्यांतला प्रत्येक रंग आपल्या चालीने धाग्यावर चढतो. जांभळ्या पुडीतला लाल आधी चढला तर कापडाचा एक भाग गुलाबी आणि दुसरा निळा होतो. काळ्या रंगात तर तीन-चार रंग असतात आणि ते हमखास फुटतात. पहिल्या खेपेला एकाच रंगाची डबी घ्यावी. टार्ट्राझिन लोकरीवर स्वच्छ लिंबोळी उमटतो, कार्मोयसिन रेशमावर डाळिंबी दिसतो आणि पॉन्सो त्याहून शेंदरी लाल.

भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा टवका न गेलेले इनॅमलचे घ्यावे. ॲल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईचे पितळ आंबट पाण्यात खाल्ले जाते आणि छटा मळकट होते. कापड आधी साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून धुवावे, म्हणजे खळ आणि तेलकटपणा निघतो. मग ते तासभर स्वच्छ पाण्यात भिजू द्यावे. कोरडे कापड रंगात टाकले की पाणी जिथे आधी पोचते तिथे डाग उठतात. १०० ग्रॅम कापडाला ३ ते ४ लिटर पाणी हवे, कापड त्यात मोकळे हलले पाहिजे. पूड वाटीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळून पातेल्यात ओतावी. न विरघळलेला एक कण कापडावर बसला की तिथे गडद ठिपका कायमचा राहतो.

आता क्रम महत्त्वाचा. पाणी कोमट असताना ओले कापड आत सोडावे आणि काठीने हळू फिरवत पाचेक मिनिटे रंग सगळीकडे पोचू द्यावा. आंबट त्यानंतर घालावे. १०० ग्रॅम कापडाला चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व किंवा १०० मिलिलिटर साधे व्हिनेगर पुरते. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातला क्षार काही आम्ल खाऊन टाकतो, तेव्हा प्रमाण थोडे वाढवावे. आंबट ओतताना कापड बाजूला ओढून धरावे, थेट त्याच्यावर ओतू नये, कारण आम्ल जिथे पडते तिथे रंग झडप घालून बसतो. मग आच मंद ठेवून अर्ध्या तासात पाणी आधण येण्याच्या बेताला आणावे, तळाशी बुडबुडे धरतील पण उसळी फुटणार नाही इतके. रेशमाला ८५ अंशांपलीकडे नेऊ नये, त्याची झळाळी जाते. लोकर जोराने ढवळली किंवा गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकली तर ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. त्या तापमानाला अर्धा तास ठेवावे आणि आच बंद करून पातेल्यातच गार होऊ द्यावे.

याच वेळी या कामातली सर्वांत समाधानाची गोष्ट घडते. पाणी निवळू लागते. सुरुवातीला लालभडक असलेले पाणी आधी गुलाबी, मग फिकट होत जाते आणि सगळे जुळून आले तर पळीत घेतल्यावर जवळजवळ नितळ दिसते. रंग पाण्यातून निघून धाग्यात गेला याची ही खूण. पाणी रंगीतच राहिले तर थोडे आंबट आणि थोडा वेळ आणखी द्यावा. तरीही निवळले नाही तर रंग गरजेपेक्षा जास्त पडला असे समजावे आणि त्या पाण्यात दुसरी लड फिकट छटेत रंगवून घ्यावी.

लोकर विणणारे एका लडीवर अनेक रंग चढवतात. त्यासाठी लड आधी आंबट पाण्यात भिजवून हलकी पिळून स्टीलच्या ताटलीत पसरतात, दोन-तीन रंगांचे दाट पाणी चमच्याने पट्ट्यापट्ट्याने तिच्यावर ओततात आणि ताटली झाकून मोदकपात्रात अर्धा तास वाफवतात. वाफेत पाणी हलत नाही, त्यामुळे रंग आपापल्या जागी बसतात. अमेरिकेत हीच हौस कूल-एड या सरबताच्या बिनसाखरेच्या पुडीवर भागवली जाते. नेब्रास्कातल्या हेस्टिंग्ज गावी एडविन पर्किन्सने १९२७ मध्ये काढलेल्या या पुडीत रंग आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही असल्याने वेगळे आंबट लागत नाही. आपल्याकडच्या साखर घातलेल्या सरबतांचा असा उपयोग करू नये, धागा चिकट होतो आणि मुंग्या लागतात.

सुती कापडाबद्दलचे गैरसमज फार खोलवर रुजलेले आहेत. मीठ घातले की रंग पक्का होतो हे खरे आहे, पण ते पुड्यांतून मिळणाऱ्या सुती रंगांबाबत. आम्लरंगांच्या पातेल्यात मीठ उलट रंग चढण्याचा वेग कमी करते आणि छटा सारखी करते. व्हिनेगर तर सुताला काहीच देत नाही. सोयाबीनच्या दुधात सूत पुन्हा पुन्हा भिजवून वाळवले की त्यावर प्रथिनाचा पातळ थर बसतो आणि थोडा रंग धरतो, पण तोही धुण्यागणिक फिका होतो. स्वयंपाकघरातूनच सूत रंगवायचे असेल तर हळद घ्यावी. तिचा रंग कोणत्याही मदतीशिवाय सुताला चिकटतो, म्हणून तर तिचा डाग जाता जात नाही. उन्हात ती उडते आणि साबणाने लालसर होते हे तिचे दोष. शेंदरीच्या बियांचा नारिंगी रंगही सुताला लागतो, लोण्या-चीजमध्ये वापरला जाणारा तो हाच. डाळिंबाची साल, हिरडा आणि तुरटी यांच्या मदतीने आणखी पक्के रंग मिळतात. पण सोलापुरी चादर किंवा जुनी जीन्स टिकाऊ रंगवायची असेल तर रिॲक्टिव्ह रंगांना पर्याय नाही. १९५६ पासून बाजारात असलेले हे रंग थंड पाण्यात, धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने सेल्युलोजशी पक्का रासायनिक बंध जोडतात. आम्लरंगांना आंबट लागते, रिॲक्टिव्ह रंगांना खार. रिॲक्टिव्ह रंगांची भांडी मात्र स्वयंपाकात परत आणू नयेत आणि पूड हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे.

खायच्या रंगात रंगवलेले कापड कसे वागते याचीही आधीच कल्पना हवी. या रंगांकडून मिठाईत काही आठवड्यांचीच अपेक्षा असते, उन्हात वर्षानुवर्षे टिकण्याची नाही. इंडिगो कार्मिन आणि एरिथ्रोसिन उन्हात सर्वांत लवकर उडतात. पडदे आणि गाद्यांच्या खोळी यासाठी हे रंग निरुपयोगी आहेत, स्वेटर, मफलर आणि सणावारी नेसायच्या वस्त्रांसाठी ठीक. कपडे धुण्याच्या पावडरीत खार असतो आणि खाराने धाग्याची पकड सुटते, म्हणून सौम्य साबण, गार पाणी, वेगळी बादली आणि सावलीतली दोरी एवढे पथ्य पाळावे.

खाराने रंग सुटतो या गोष्टीचा उपयोग अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांनी फार पूर्वीपासून करून घेतला आहे. संशयित पदार्थाचे पाणी आंबट करून त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात. धागा रंगला की तो धुऊन अमोनियाच्या पातळ द्रावणात टाकतात. कृत्रिम आम्लरंग त्यात उतरतो. ते पाणी पुन्हा आंबट करून दुसरा कोरा धागा रंगवतात. हळदीसारखे नैसर्गिक रंग सहसा या दुसऱ्या फेरीत टिकत नाहीत. धाग्यावरून काढलेला रंग मग विशिष्ट कागदावर चढवून तो कोणता आहे हे ठरवतात. घरात ओढणी रंगवताना घडते तेच इथे घडते, फक्त रंग जिलेबीतून आलेला असतो.

या धाग्यावर मेटॅनिल यलोही चढतो. तो चामडे आणि लोकर रंगवायचा आम्लरंग आहे, अन्नात त्याला बंदी आहे, तरी डाळीत, हळदीत आणि स्वस्त मिठाईत तो सापडत आला आहे. ऱ्होडामिन बी हा झगझगीत गुलाबी रंगही बंदीतला. तो सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’ विकायला मनाई केली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर आणि रंगीत ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी आणली होती. कर्नाटकात सापडलेल्या रंगांत टार्ट्राझिनही होता. तो परवानगीतला आहे, पण फक्त ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात.

म्हणून रंग कापडासाठी घ्यायचा असला तरी किराणा दुकानातली सुटी, कागदात बांधलेली पुडी घेऊ नये. उरलेला रंग घरातल्या डब्यात जातो आणि पुढे कधीतरी शिऱ्यात पडतो. डबी बंद असावी, तिच्यावर अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, रंगाचे नाव आणि आयएनएस क्रमांक असावा, उदाहरणार्थ टार्ट्राझिनचा १०२. लोकरीच्या धाग्याला परवानगीतला रंग आणि बंदीतला रंग यांत भेद करता येत नाही, तो दोन्हींत सारखाच सुंदर रंगतो.